ओल्या गादीचा इतिहास

१९११च्या सप्टेंबरात आठ वर्षांचा एक मुलगा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ईस्टबोर्न गावातल्या एका निवासी शाळेत दाखल झाला. जन्म बिहारमधल्या मोतीहारीचा, वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात. शाळा श्रीमंतांची होती. हा तितका श्रीमंत नव्हता, पण हुशार होता म्हणून कमी फीवर घेतला गेला होता. आठवडा-दोन आठवडे झाले असतील नसतील, रात्री त्याची गादी ओली व्हायला लागली. घरी असताना हे सगळं सुटून किमान चार वर्षं झाली होती.

मुलाचं नाव एरिक ब्लेअर. आपण त्याला जॉर्ज ऑर्वेल म्हणून ओळखतो. 'ॲनिमल फार्म' आणि '१९८४' लिहिणाऱ्या या माणसाने आपल्या शाळेवर 'सच, सच वेअर द जॉइज' नावाचा एक लांबलचक निबंध लिहून ठेवलाय. तो छापला गेला १९५२ साली अमेरिकेत, ऑर्वेल जाऊन दोन वर्षं झाल्यावर. ब्रिटनमध्ये तर बदनामीच्या खटल्याच्या भीतीने १९६८पर्यंत तो छापलाच नाही. निबंधाची सुरुवात ओल्या गादीपासून होते.

मुलगा रोज रात्री देवाची प्रार्थना करायचा, की आज होऊ देऊ नकोस. प्रार्थनेने काही फरक पडायचा नाही. एके दिवशी मुख्याध्यापकांच्या बायकोने त्याला एका अनोळखी बाईंसमोर उभं केलं. हा रोज गादी ओली करतो असं त्यांना सांगितलं आणि पुन्हा केलंस तर सिक्स्थ फॉर्मच्या मुलांकडून मार देववीन, अशी धमकी दिली. त्याने ऐकलं 'मिसेस फॉर्म'. त्याला वाटलं, समोर बसलेल्या या बाईच मिसेस फॉर्म, आणि याच मला मारणार. वाचताना हसू येतं, आणि मग आठ वर्षांच्या मुलाला ते कसं वाटलं असेल हे लक्षात येऊन हसू जातं.

पुढे मार बसलाच, मुख्याध्यापकांच्या हातून, घोड्याला मारायच्या छडीने. पहिल्या खेपेला फार लागलं नाही. बाहेर येऊन तो मित्रांना म्हणाला, काही दुखलं नाही. ते बाईंनी ऐकलं आणि त्याला परत आत पाठवलं. या वेळी छडी मोडेपर्यंत मार बसला. छडी मोडली हासुद्धा त्याचाच अपराध ठरला. ऑर्वेलच्या काही समकालीनांनी पुढे म्हटलंय की त्याने शाळेचं चित्र जरा जास्तच काळं रंगवलं. असेलही. पण मला त्या निबंधातला मार महत्त्वाचा वाटत नाही. मारानंतर खुर्चीत बसून रडताना त्या मुलाच्या डोक्यात जो हिशोब चालला होता, तो महत्त्वाचा वाटतो. गादी ओली करणं हे पाप आहे, हे त्याला मान्य होतं. आपण ते मुद्दाम करत नाही, हेही पक्कं ठाऊक होतं. दोन्ही खरं मानायचं तर उत्तर एकच उरतं: पाप हे करावं लागत नाही, ते आपल्या हातून नुसतं घडूही शकतं. आपण अशा जगात येऊन पडलोय जिथे चांगलं वागणं आपल्याला शक्यच नाही. पुढे '१९८४' लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट आठव्या वर्षी एका चादरीने शिकवली.

गादी ओली होणं हा गुन्हा आहे हे ठरवलं कोणी, याच्या शोधात मी बरंच वाचत गेलो, आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जुन्या लोकांना हा गुन्हा वाटतच नव्हता. त्यांच्या लेखी ती शरीराची तक्रार होती, खोकल्यासारखी. इजिप्तमधला साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एबर्स पपायरस त्यावर औषध सांगतो. आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत बालरोगांच्या यादीत 'शय्यामूत्र' आहे, दात येण्याच्या दुखण्यांच्या शेजारीच. औषधं अर्थातच अफाट होती. रोमन लेखक प्लिनी सांगतो, मुलांना उकडलेले उंदीर जेवणातून द्या. १५४०च्या दशकात टॉमस फेअर या वैद्याने इंग्रजीतलं बालरोगांवरचं पहिलं पुस्तक लिहिलं, त्यात या विषयाला वेगळं प्रकरण आहे. उपाय काय, तर कोंबड्याचा कंठ जाळून केलेली पूड. नाहीतर साळिंदरासारख्या दिसणाऱ्या छोट्या काटेरी हेजहॉगचे वृषण वाळवून केलेली भुकटी. माझ्या आजीच्या ओवा-तीळ-गुळाच्या लाडवांबद्दल माझं मत हे वाचल्यावर एकदम सुधारलं.

आजी आणखी एक गोष्ट सांगायची: विस्तवाशी खेळलास तर रात्री गादी भिजवशील. मला हे खास आपलं वाटायचं. पण जर्मनीतल्या आज्या हेच सांगतात, जपानमधल्याही. कोरियात याहून पुढची रीत होती. गादी ओली केलेल्या मुलाच्या डोक्यावर धान्य पाखडायचं सूप घालून त्याला शेजारी मीठ मागायला पाठवायचे. सूप बघितलं की शेजारणीला कळायचंच काय झालंय ते. औषधाच्या पुस्तकात तक्रार असली तरी गल्लीत ती लाज होती, आणि या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदत होत्या.

युरोपात एकोणिसाव्या शतकात मात्र सूर बदलला. मोठमोठी अनाथालयं, वसतिगृहं, निवासी शाळा निघाल्या. एका खोलीत वीस-तीस खाटा. घरी एखादी चादर आई गुपचूप धुऊन टाकते, इथे रोज सकाळी दहा चादरी मोजल्या जातात. माझा अंदाज असा, की ओली गादी ही शिस्तीची बाब झाली ती इथे, या मोजणीत. पॅरिसच्या आर्मां त्रूसो या नामांकित डॉक्टरने बेलाडोना वापरायला सुरुवात केली. बेलाडोना विषारी असली तरी त्यामागे निदान काही विचार होता, तिच्यातला ॲट्रोपीन मूत्राशयाचा स्नायू सैल पाडतो. बाकी उपाय वाचवत नाहीत. कमरेच्या खाली कातडीवर फोड आणणारी औषधं लावायची. मुलाच्या शिश्नाच्या टोकाला कोलोडियन नावाचा चिकट पदार्थ लावून ते रात्रीपुरतं बंदच करून टाकायचं. ऑर्वेलची छडी याच परंपरेतली.

मग १९३९चा सप्टेंबर आला. युद्ध जाहीर होण्याच्या आसपासच्या तीन-चार दिवसांत ब्रिटनने शहरांतून सुमारे पंधरा लाख लोक खेड्यापाड्यांत हलवले. त्यात बहुसंख्य मुलं. गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात गॅस मास्कची पेटी, अनोळखी घर, अनोळखी खाट. आणि देशभरातून एकच तक्रार यायला लागली: ही मुलं गाद्या ओल्या करतात. वर्तमानपत्रांत पत्रं, संसदेत चर्चा, वैद्यकीय नियतकालिकांत लेख. खेड्यातल्या घरमालकिणींनी निष्कर्ष काढला की शहरातल्या गरीब बायकांना मुलं वाढवता येत नाहीत. पण त्यातली कित्येक मुलं महिन्याभरापूर्वी आपापल्या घरी कोरड्या गादीत झोपत होती. शेवटी सरकारने मार्ग काढला तो कारकुनी. १९४०मध्ये गादी भिजवणाऱ्या मुलामागे आठवड्याला साडेतीन शिलिंग जादा धुलाई भत्ता मंजूर झाला. ज्यांना कोणीच ठेवून घेईना अशा मुलांसाठी वेगळी वसतिगृहं उघडली. मला हा भत्ता फार आवडतो. कोणाचा दोष या वादात न शिरता सरकारने फक्त साबण आणि पाण्याचे पैसे देऊ केले. या प्रश्नाच्या सगळ्या इतिहासात इतका शहाणा सरकारी निर्णय मला दुसरा सापडलेला नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

१९०४ साली माइनहार्ड फॉन फाउंडलर या बालरोगतज्ज्ञाने आपल्या रुग्णालयासाठी एक यंत्र मांडलं. उद्देश अगदी साधा: बाळाची गादी ओली झाली की नर्सला कळावं, म्हणजे ती लगेच चादर बदलेल. मुलांना बरं करण्याचा विचारसुद्धा नव्हता. पण यंत्र काही दिवस वापरल्यावर लक्षात आलं, की काही मुलांच्या गाद्या ओल्या व्हायच्या थांबल्याच. मॉनिटरिंगसाठी लावलेल्या अलर्टने बगच दुरुस्त व्हावा, असा प्रकार. आमच्या धंद्यात असं कधी होत नाही.

या योगायोगातून पद्धत घडवली ती अमेरिकेतल्या होबार्ट आणि विली मे मॉरर या नवराबायकोने. न्यू हेवनमधल्या मुलांच्या एका निवासी संस्थेत त्यांनी काम केलं आणि १९३८ साली ते प्रसिद्ध केलं. रचना अशी: धातूच्या जाळीचे दोन थर, मध्ये जाड सुती कापड, त्यावर मूल झोपतं. कोरडं कापड वीज वाहून नेत नाही, म्हणजे सर्किट उघडं. लघवीत क्षार असतात, त्यामुळे कापड भिजताक्षणी दोन जाळ्या जोडल्या जातात, रिले ओढला जातो आणि घंटा वाजते. मूल उठतं, घंटा बंद करतं, संडासात जाऊन उरलेली शू करून येतं. बस्स. ३० मुलांवर प्रयोग झाला आणि दोन महिन्यांच्या आत तीसच्या तीस मुलांनी सलग कोरड्या रात्री काढल्या. पुढच्या काळातल्या मोठ्या अभ्यासांत इतकं घवघवीत यश आलेलं नाही, साधारण तीनातली दोन मुलं कोरडी होतात. तरी आजही या तक्रारीवर सगळ्यात टिकाऊ गुण देणारा उपाय हाच मानला जातो. फक्त जाळीच्या जागी चड्डीला लावायचा छोटा सेन्सर आलाय.

घंटेने नेमकं होतं काय? मॉरर म्हणत, पावलोवच्या कुत्र्यासारखं: भरलेल्या मूत्राशयाची जाणीव आणि जाग येणं यांची जोडी जुळते. पण बरी झालेली बहुतेक मुलं रात्री उठतच नाहीत, सकाळपर्यंत कोरडी झोपतात. म्हणजे घंटेने जागं व्हायला शिकवलं, हे उत्तर पुरेसं नाही. झोपेतच थोपवून धरायला शिकवलं, हे जास्त जवळचं दिसतं.

हा उपाय इतका स्वस्त आणि सोपा होता, तरी कित्येक वर्षं अनेक डॉक्टर त्यापासून दूर राहिले. त्याचं एक कारण व्हिएन्नात होतं. फ्रॉइड आणि त्याच्या अनुयायांना ओल्या गादीत दडपलेल्या लैंगिकतेच्या खुणा दिसल्या. मनातली गाठ न सोडवता नुसती गादी कोरडी केलीत तर ती गाठ दुसरीकडून फुटेल, अशी भीती घातली गेली. तसं काही होत नाही, हे पुढे अभ्यासांतून दिसलं. उलट गादी कोरडी झाली की मुलं खुलतात. गंमत अशी की फ्रॉइडने स्वतःचीच एक गोष्ट 'स्वप्नांचा अर्थ'मध्ये लिहून ठेवलीय. दोन वर्षांचा असताना तो कधीमधी गादी ओली करायचा. वडील रागावले तेव्हा त्याने त्यांची समजूत काढली, की जवळच्या शहरातून मी तुम्हाला एक छान, नवीकोरी, लाल खाट आणून देईन. सिद्धांतापेक्षा ही लाल खाट मला जास्त खरी वाटते.

आणि मग १९६३. डेन्व्हरमधल्या जॉन मॅक्डोनाल्ड या मानसोपचारतज्ज्ञाने ठार मारण्याच्या धमक्या देणाऱ्या १०० रुग्णांवर एक लेख लिहिला. गादी ओली करणं, आगी लावणं, प्राण्यांचे हाल करणं, या तीन गोष्टी काहींच्या लहानपणी एकत्र दिसतात असं त्यात म्हटलं होतं. तिथून ही त्रिसूत्री पोलीस तपासाच्या पुस्तकांत गेली आणि तिथून क्राइम सीरिजमध्ये. तुम्हीही एखाद्या एपिसोडमध्ये ऐकली असेल. खुद्द मॅक्डोनाल्डलाच पुढच्या संशोधनात तिला आधार मिळाला नाही, पण सीरिजवाल्यांपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही. माझ्या शेजारी बसणारा एक सीनिअर जेवताना ही थिअरी अगदी रंगवून सांगत होता, तेव्हा टेबलावरच्या आठ जणांपैकी एक संभाव्य सीरिअल किलर मी होतो.

म्हणजे मीही त्यातलाच. नऊ वर्षांचा होईपर्यंत. डोंबिवलीत आमची चाळवजा इमारत होती, लांबच लांब सामाईक गॅलरी. गादी वाळत घालायची तर तिथेच, कठड्यावर. आई बिचारी ओला भाग आतल्या बाजूला येईल अशी गादी टाकायची, पण पावसाळ्यात चार-चार दिवस ती तिथेच असायची, आणि गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ती कुणाची आहे. चौथीत शाळेची एक मुक्कामी सहल होती. मी पोट दुखतंय म्हणून गेलो नाही. घरात कुणीही, ते खरंच दुखतंय का, असं विचारलं नाही.

मायकल लँडन या अमेरिकन नटाची आई तर त्याची ओली चादर मुद्दाम खिडकीबाहेर लटकवायची, सगळ्यांना दिसावी म्हणून. शाळा सुटली की मित्रांच्या आधी घरी पोचून ती काढायची, म्हणून तो जिवाच्या आकांताने धावायचा. १९७६ साली, मोठा स्टार झाल्यावर, त्याने त्यावर 'द लोनलिएस्ट रनर' नावाचा टीव्हीपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. आमच्या वेळी कठडा, त्याच्या वेळी खिडकी.

मला जे तेव्हा कुणी सांगितलं नाही, ते विज्ञानाला कळलं त्याला तशी फार वर्षं झालेली नाहीत. रात्री आपल्या मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं. ते मूत्रपिंडांना सांगतं, आता पाणी राखा, कमी लघवी करा. म्हणून आपण सात-आठ तास न उठता झोपू शकतो. १९८०च्या दशकात डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे योर्गन नव्हे, येन्स पेटर न्योरगार्ड आणि सोरेन रिटिग यांच्या गटाने दाखवलं, की गादी ओली करणाऱ्या काही मुलांमध्ये रात्रीची ही वाढ होतच नाही. मूत्रपिंडं रात्रीही दिवसाच्याच वेगाने चालू राहतात, आणि मूत्राशय सकाळ व्हायच्या आत भरतं. या संप्रेरकाची कृत्रिम आवृत्ती, डेस्मोप्रेसिन, आज डॉक्टर देतात. गोळी चालू आहे तोवर उपयोग होतो, बंद केली की पुष्कळदा तक्रार परतते. सहलीपुरती मात्र ती फार कामाची.

पण रात्री जास्त पाणी बनणं ही अर्धीच गोष्ट. मूत्राशय भरलं तर माणूस उठायला हवा. ही मुलं उठत का नाहीत? 'ढाराढूर झोपतो हो आमचा' हे प्रत्येक आईचं उत्तर. २००८ साली हाँगकाँगच्या एका गटाने मुलांची झोप मोजली तर उलटंच निघालं. ज्यांना तीव्र त्रास होता त्या मुलांची झोप गाढ नव्हती, तुटक आणि हलकी होती. मूत्राशय रात्रभर हाका मारतं, मेंदू रात्रभर अर्धवट चाळवतो, पण पुरता जागा होत नाही. सतत वाजणाऱ्या अलर्टकडे ऑन-कॉलवाला जसा शेवटी दुर्लक्ष करायला लागतो, तसं काहीसं. तिसरं, काही मुलांचं मूत्राशय रात्री जरासं भरलं तरी आकसतं. बद्धकोष्ठता असेल तर भरलेलं आतडं मूत्राशयाची जागा खातं, आणि हे तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. एकेका मुलात या तिन्हींचं प्रमाण वेगळं.

आणि हे वारशाने येतं. अमेरिकन डॉक्टर हॅरी बॅक्विन यांनी कुटुंबं तपासून आकडे दिले: आईवडील दोघांनाही लहानपणी त्रास असेल तर मुलांपैकी ७७ टक्क्यांना, एकालाच असेल तर साधारण ४४ टक्क्यांना, दोघांनाही नसेल तर १५ टक्क्यांना. १९९५मध्ये डॅनिश संशोधकांनी काही कुटुंबांत याचा धागा तेराव्या गुणसूत्रापर्यंत नेला. हे वाचल्यावर मी बाबांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सरळ विचारलं. बराच वेळ फोनवर फक्त टीव्हीचा आवाज. मग म्हणाले, "मी सातवीपर्यंत. गोठ्यात झोपायचो, जनावरांत कुणाला कळत नाही." माझी गादी कठड्यावर असताना या माणसाने मला एकदाही रागावलं नव्हतं, आणि एकदाही हे सांगितलं नव्हतं.

पाच वर्षांच्या मुलांत साधारण १५ टक्के मुलं गादी ओली करतात, म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात सहा. त्यानंतर दर वर्षी त्यातली सुमारे १५ टक्के काहीही न करता बरी होतात. म्हणूनच हेजहॉगपासून लाडवापर्यंत सगळ्या औषधांना थोडं थोडं यश येत गेलं. छडीलाही. ऑर्वेलने प्रामाणिकपणे लिहिलंय, की त्यानंतर आणखी एकदा गादी ओली झाली, पुन्हा मार बसला आणि मग ते थांबलं. उपाय लागू पडत असेलही, पण त्याची किंमत जबर, असा त्याचा शेरा आहे. त्याचा प्रकार मात्र माझ्याहून वेगळा होता. आधी कोरडं असलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागतं, तेव्हा शोधायचं असतं काहीतरी नवं: लघवीचा संसर्ग, मधुमेह, किंवा मुलाच्या आयुष्यात नुकतंच काहीतरी मोडलेलं असणं. अशा वेळी वाट न बघता डॉक्टरकडे न्यावं. ऑर्वेलच्या बाबतीत जे मोडलं होतं, ते शाळेच्या फाटकावरच दिसत होतं.

माझा भाचा सहा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत ताईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ते घंटावालं यंत्र तू बनवू शकशील का रे. सर्किट अर्ध्या तासाचं आहे. पण डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर थांबू, आधी पोट रोज साफ होतंय का ते बघू, संध्याकाळनंतर पाणी जरा बेतानं, आणि झोपण्यापूर्वी शू. ताईने गादीवर मेणकापड घातलं, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर, म्हणजे रात्री वरची जोडी काढली की खाली कोरडं अंथरूण तयार. भाऊबीजेच्या रात्री बाबांनी नातवाला आपल्या शेजारी झोपायला घेतलं. तो नको म्हणत होता, कारण सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने मोठ्याने विचारलं, "गाई हसायच्या नाहीत?"